रोगाचं की महिन्याचं

आषाढ शु. ३, शके १८६५. नांदेड

परत कोपऱ्यातल्या खोलीत. काल सकाळी चौथ्या दिवसाचं न्हाणं झालं, केस वाळायच्या आत पुन्हा लाल. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आत्ताच तर न्हालीस!" जशी काही मी हौसेनं बाहेर बसते. ताट, तांब्या, घोंगडी उचलली आणि आले.

वैशाखात तिसऱ्या महिन्याचं गेलं. दवाखान्यात नेलं, पिशवी खरवडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, थोडे दिवस अंगावर जाईल, मग बंद. ते थोडे दिवस अजून संपायचेत. ओटीपोटात कोणी मुठीत धरून पिळतंय असं होतं, मग सुटतं, मग पुन्हा.

कुमी उंबऱ्याशी येऊन उभी राहते. अंगावर पिती असती तर शिवता आलं असतं. आता चार वर्षांची झाली, मोठी झाली म्हणे. तिला सासूबाईंनी सांगितलंय, आईला कावळा शिवला.

आषाढ शु. ९

लाल आहेच. जरा कमी. कुमीनं कुठूनशी काठी आणली आणि अंगणातल्या कावळ्यांच्या मागे लागली. "माझ्या आईला शिवतोस? हाड! हाड!" शेजारणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले. हसल्यावर कळ आली, कंबर धरून बसले.

आषाढ व. २

दवाखाना. नदीकडच्या रस्त्याला टांगा असा उसळत होता की दात आवळून बसले.

डॉ. बाई तेलंगणातल्या, मराठीत उर्दू मिसळून बोलतात. "घाबरू नको अम्मा. कभी कभी थोडं आत राहून जातं. फिर से साफ करावं लागेल." थोडं म्हणजे काय राहिलं, ते विचारायचं होतं. हे दाराशीच उभे होते, लाज वाटली. येताना मनात आलं, त्या गेलेल्यातलंच काही माझ्याजवळ राहिलंय. मग रस्ताभर रडले. ह्यांना वाटलं टांग्यानं दुखतंय. हेच टांगेवाल्याला म्हणाले, "जरा सावकाश, मियाँ."

श्रावण शु. २

दुसऱ्यांदा खरवडलं. भुलीच्या रुमालाचा तो गोडसर घाण वास अजून नाकात आहे. शुद्धीवर येताना मी म्हणे ओरडत होते, "माझं तेवढं ठेवा, तेवढं ठेवा." ह्यांनी सांगितलं. काय तेवढं, मला आठवत नाही. भात खाल्ला, राहिला नाही.

श्रावण व. ६

आज नाही. काल नाही, परवाही नाही. लिहायचीसुद्धा भीती वाटते, दृष्ट लागायची.

कुमीला न्हाऊ घातलं. पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात, सासूबाईंना दिसत नाहीत आणि हे काय बघणार! दुपारभर तिला मांडीशी घेऊन काढत बसले. ती बडबडत होती, मी हं हं करत होते. उवा काढण्यात एवढं सुख कोणाला लागलं असेल असं वाटत नाही.

भाद्रपद शु. ५

महालक्ष्म्यांसाठी लातूरहून वन्सं आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांच्याकडे वकिली जोरात आहे, मूलबाळ नाही. कुमीसाठी जरीकाठी परकर आणला. कुमी त्यांना सोडायला तयार नाही, जेवायलाही त्यांच्याच ताटात.

संध्याकाळी ती जुनी कळ आली. आत्ता नको गं आई. चार दिवस थांब.

भाद्रपद शु. ९

कालचं लिहिते. लिहवत नाही तरी.

महालक्ष्म्या जेवायचा दिवस. पुरण, सोळा भाज्या, आंबील, सगळं सोवळ्यात. पहाटे न्हाताना थोडं लाल दिसलं. अगदी थोडं. सांगायला हवं होतं. पण सासूबाईंचे गुडघे धरलेले, एवढा स्वयंपाक त्यांना एकटीला होणार नव्हता. आणि खरं म्हणजे मला त्या खोलीत जायचं नव्हतं. सोवळं नेसले आणि चुलीपाशी बसले. पुरण वाटून झालं, भाज्या फोडणीला पडल्या. पीठ घ्यायला उठले आणि पाटावर डाग.

वन्संनी पाहिला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आई, जरा इकडं ये."

सगळं अन्न गाईम्हशींपुढे गेलं. सासूबाईंनी भांडी पुन्हा घासली, पुन्हा न्हाल्या, ओलेत्यानं चुलीशी बसल्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं, हात चाललेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवे लागेस्तोवर देवी उपाशी, सवाष्णी उपाशी. कुमी भुकेनं वन्संच्या मांडीवर झोपून गेली. मी खोलीतून ऐकत होते. माझ्या हातून देवीच्या घरात हे व्हावं? मला माझीच किळस आली.

भाद्रपद शु. ११

वन्सं गेल्या. कुमीला घेऊन.

"तू बरी होईस्तोवर नेते. इथं लेकराकडं कोण बघून राहिलंय? आईचं हे असं, तुझं ते तसं." खरं होतं. ह्यांच्याकडे पाहिलं. हे कुमीच्या परकराची नाडी बघत बसले, जणू ती गाठ सुटली तर मोठं काहीतरी होईल.

शिवायचं नव्हतं, म्हणून जवळही घेता आलं नाही. टांग्यात बसून ती विचारत होती, "आत्या, आगगाडीत खिडकी मिळेल का?"

भाद्रपद व. ४

लाल. खूप. गाठी पडताहेत. घर गप्प. अंगणात कावळे खुशाल बसतात.

आश्विन शु. ३

जुनी लुगडी फाडून संपली. लढाईमुळे दुकानात कापड नाही. नेसायला मिळत नाही तिथे फाडायला कोण देणार? सासूबाईंना विचारायचा धीर झाला नाही. संध्याकाळी पाहते तो दाराशी ह्यांची दोन जुनी धोतरं घडी करून ठेवलेली. हे असे आहेत. बघतात सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नाही.

भांडी घासायला येते ती सटवाबाई भोकरकडची. दाराशी टेकून म्हणाली, "बाई, आमच्या भोकरला एक म्हातारी हाय. पोट चोळून पिशवी जाग्यावर बशिवती. लई बायांचं बरं केलंय तिनं." सासूबाईंनी लगेच बोलावणं धाडलं. त्यांनाही मी बरी व्हायला हवीच आहे.

आश्विन शु. ७

म्हातारी आली. एरंडेल कोमट करून चोळलं, मग गुडघा ठेवून दाबलं. मी किंचाळले. "सोस माय, सोस. उतरल्याली पिशवी हाय, वर सरकाया नगं का?" सासूबाईंनी माझे हात धरलेले. संध्याकाळपासून हुडहुडी.

आश्विन व. २

इतके दिवस तापात होते. कोण आलं, कोण गेलं, काही कळलं नाही. डॉ. बाई घरी येऊन गेल्या म्हणे. म्हातारीचं ऐकून सासूबाईंना उर्दूत खूप बोलल्या. सासूबाईंना त्यातलं निम्मंच कळलं, तेवढं बरं.

रोग बरा व्हायला गेले आणि आगीतून फुफाट्यात पडले.

आश्विन व. ८

हे आज गुरुजींकडे जाऊन आले. कोणाला न सांगता, माझ्यासाठी. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे असं काही करतील असं वाटलं नव्हतं.

गुरुजींनी पोथी काढून पाहिलं. शास्त्र असं आहे: रोगानं जे जातं त्याचा विटाळ नाही. सोवळ्यातलं आणि देवाचं करायचं नाही, पण घरात वावरायला, शिवायला हरकत नाही. महिन्याचं असेल त्याचा मात्र विटाळ. आणि कुठलं काय ते बाईनंच सांगायचं, दुसऱ्याला काय कळणार!

मी एवढी हसले की पोट दुखलं. पोट तसंही दुखतच होतं. म्हणजे आधीच कोणी विचारलं असतं तर कुमी इथेच असती. ह्यांना म्हणाले, उद्याच लातूरला निरोप धाडा, पोरीला घेऊन या म्हणावं.

आश्विन व. ९

सासूबाई सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"रोग म्हण, माझं काही म्हणणं न्हाई. शास्त्रापुढं मी कोण? पण एकदा रोग म्हणालीस की मग तो रोगच. रोगी पिशवीत लेकरू राहत नसतं द्वारके. माझ्या एकुलत्या एक लेकाचं नाव पुढं चालायचं, तर मला दुसरा बंदोबस्त बघावा लागंल."

बंदोबस्त म्हणजे कोण तेही मला ठाऊक आहे. त्यांच्या नात्यातली भोकरची मुलगी. सटवाबाईनं मागेच सांगितलंय, रंगानं उजळ आहे आणि गातेही.

इकडे आड, तिकडे विहीर. बाहेर बसले तर लेक लातूरला. रोग म्हणाले तर सवत दारात. आणि खरं कुठलं ते मला तरी कुठे कळतंय? रंग तोच, कळ तीच. पूर्वी महिना कळायचा, छाती जड व्हायची, चिडचिड व्हायची. आता सगळेच दिवस तसे.

त्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मी म्हणाले, "महिन्याचं आहे." गेल्या. निरोप धाडू नका म्हणून ह्यांना सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलंसुद्धा नाही.

कार्तिक शु. २. लातूर

भाऊबीज. ह्यांची कचेरीतून चार दिवसांची रुखसत मंजूर झाली म्हणून येता आलं. दोनदा गाडी बदलली, सगळी वाट एका कुशीवर काढली. दोन दिवस लाल नाही, देवाची कृपा.

कुमी अंगणात खेळत होती. "आई!" म्हणून धावत आली आणि जवळ येऊन थबकली. "शिवू?" मी म्हणाले, "ये की." तिनं आधी वन्संकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, मग आली. अंगाला वेगळ्याच साबणाचा वास.

कार्तिक शु. ४. लातूर

वन्सं वाईट नाहीत. वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. कुमीच्या डोक्यात एक ऊ नाही. सकाळी दुधाची वाटी, दुपारी गोष्ट, पायांत चांदीचे वाळे. अंगावर मूठभर मांस आलंय.

भाजी निवडताना म्हणाल्या, "मला काय तुझं लेकरू बळकवायचंय? पण बघ बाई तूच. सुखात हाय का न्हाई?" आहे. मग बऱ्याच वेळानं, खाली बघून, "मला आई म्हण, असं मी एकदाबी म्हणले न्हाई हं तिला." मी विचारलं नव्हतं. न विचारता सांगितलं, म्हणजे मनात किती वेळा म्हणून झालं असेल.

कुमीला विचारलं, इथे आवडतं का? "हाव. आत्याकडं कावळा येत नाही." वन्संचं कधीच बंद झालंय. पोर खरंच बोलली. मी उठून न्हाणीघरात जाऊन रडले.

कार्तिक शु. ५

निघताना पुन्हा लाल. कुमीला चल म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नेऊन ठेवणार कुठे, त्या खोलीच्या उंबऱ्याशी? ती दारात उभी राहून हात हलवत होती. रडली नाही. मला तिनं रडायला हवं होतं.

मार्गशीर्ष शु. ११. नांदेड

दवाखाना. चार दिवसांपूर्वी डॉ. बाईंनी तपासलं, हात धुतले, किती तरी वेळ टॉवेलानं पुसत राहिल्या. आत जखम भरत नाही, सूज आहे, पू आहे. आता खरवडून फायदा नाही. "निकालनाच पडेल अम्मा. पूरी पिशवी. इथे होत नाही, हैदराबादला जावं लागेल."

ह्यांनी विचारलं, जिवाला धोका? "आहे. नाही केलं तरी आहे."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाकली तर ती बाई कशाची राहिली?" हे म्हणाले, रुखसत मिळते का बघतो. त्यानंतर हैदराबादचं नाव कोणी काढलेलं नाही. मीही नाही. तो रुमाल पुन्हा नाकावर ठेवतील आणि कुमी लातूरला असेल, हे मनात आलं की नको वाटतं.

मार्गशीर्ष व. ५

आज सकाळी ह्यांना गाठलं. कचेरीला निघाले होते, शेरवानी चढवत होते.

मी म्हणाले, "कुमीला आणा."

"आईला काय सांगू?"

"रोगाचं आहे म्हणून सांगा. रोज रोगाचंच आहे."

शेरवानीच्या गुंडीवर हात तसाच राहिला. "मग ते भोकरचं..."

"तेही करा."

मला वाटलं होतं नाही म्हणतील. शेवटी हो म्हणाले असते तरी चाललं असतं, पण आधी थोडा वेळ तरी नाही म्हणतील. गुंडी लावली, टोपी घातली आणि म्हणाले, "बरं."

फार राग आला. त्यांचा, गुरुजींच्या पोथीचा, माझ्या मेल्या पिशवीचा. दुपारी राग गेला आणि मागे काहीच उरलं नाही. मी यातून बरी होणार नाही, हे मला आता कळलंय. मी गेल्यावर कुमीला वन्सं आहेतच, चांगल्या सांभाळतील. पण आहे तोवर ती माझ्या अंगाशी पाहिजे. एवढ्यासाठी सवत येते तर येऊ दे.

पौष शु. १३

वन्सं काल कुमीला सोडून गेल्या. जाताना दारातच बसल्या आणि तोंडात पदर घालून रडल्या. मी त्यांचा हात धरला. शिवायला आता हरकत नाही ना.

कुमी माझ्याजवळ येत नाही. माझ्या हातचा भात खाल्ला नाही. "आत्या मऊ करते." वेणी घालायला बोलावलं तर आजीमागे लपली. सवय व्हायला वेळ लागेल, सगळे म्हणतात. माझ्याकडे वेळ किती आहे ते कोणी म्हणत नाही.

सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरातून विचारतात, "आजचं कुठलं गं?"

"रोगाचं."

"बरं."

पौष व. ४. संक्रांत

शेजारी हळदीकुंकू. आमंत्रण सासूबाईंना आलं, मला नाही. त्या तिळगूळ घेऊन आल्या, म्हणाल्या, "तुझंबी दिलंय." दिलेलं नव्हतं. पुडी एकच होती, त्यातलाच निम्मा माझ्या हातावर ठेवला. त्यांचा गोड शब्द ऐकून मला रडू आलं. त्या गुडघे धरत उठून गेल्या.

लाल. दुर्गंधी येतेय, मलाच जाणवते.

माघ शु. ६

भोकरचे पाहुणे. मुलीचे वडील आणि मामा, बैठकीत. घर बघायला आले. सकाळी आल्या आल्या मामानं मलाही न्याहाळलं. चालती-बोलती आहे ना, किती दिवस जड जाईल, एवढं बघितलं असेल. सासूबाई त्यांना सांगत होत्या, "थोरलीची तबियत नरम ऱ्हाती, पण स्वभावानं लई गरीब." गरीब! ह्यांना खोकला आला. एरवी मीही हसले असते.

सकाळपासून फार जातंय. धोतराच्या घड्या पुरेनात. कळ पाठीतून पायात उतरतेय, डोळ्यांपुढे काजवे. उठून बदलायचं म्हणून भिंत धरली, तेवढ्यात कुमी आली. कापडाची बाहुली हातात. माझ्या मांडीवर येऊन बसली. आल्यापासून पहिल्यांदा. आपण होऊन. मी परत खाली बसले.

"हिची वेणी घाल."

घालायला घेतली. लोकरीचे केस, धड पकडीत येत नव्हते. बाहेरून सासूबाईंची हाक आली, "द्वारके, पाहुण्यांना पाणी!" गेले नाही. थोड्या वेळानं तांब्या-भांड्याचा आवाज झाला, हे स्वतःच घेऊन गेले असतील.

कुमीनं खाली हात लावून पाहिला. "आई, ओलं लागतंय."

"उठायचंय तुला?"

"नाही," म्हणाली, आणि बाहुली पुढे केली.